पूर्वापार, पण केव्हापासून?

१९२७ हे साल महाडकरांना तोंडपाठ आहे. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. दरवर्षी या तारखांना तळ्याभोवती गर्दी उसळते, पुस्तकांचे स्टॉल लागतात, भाषणं होतात. त्याच सालच्या जून महिन्यात, म्हणजे या दोन तारखांच्या मधोमध, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. आंबेडकरांना पीएच.डी. दिली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती. ही तिसरी गोष्ट भाषणांत सहसा येत नाही. आलीच तर पदव्यांच्या यादीत येते, टाळ्या घेते आणि जाते. सत्याग्रह एका खणात आणि प्रबंध दुसऱ्या खणात, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. ही वाटणी मला खोटी वाटते, आणि आज समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र असल्या विषयांत संशोधन करणाऱ्या मुलामुलींचं तिने नुकसान केलं आहे, असंही वाटतं.

डिसेंबर २०२३च्या नागपूर अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांपैकी एकाने पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. विद्यार्थी चिडले, ते साहजिकच. पण चिडून प्रश्न संपत नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या बाकावर, संशोधक मुलीच्या स्वतःच्या घरात तोच सवाल रोज होत असतो: अजून शिकतेसच का? नोकरी कधी? रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याला एवढं छळत नाहीत. त्याने बाटलीतलं काहीतरी दाखवलं की लोक गप्प बसतात. माणसांचा अभ्यास करणाऱ्याकडे बाटली नसते. 'माणसांचं काय शिकायचं, ती तर रोज भेटतात' हा लोकांचा खरा आक्षेप आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

उत्तरासाठी ९ मे १९१६ या दिवसाकडे जावं लागतं. कोलंबियात अलेक्झांडर गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या एका हिंदी विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. हा विद्यार्थी मुळात अर्थशास्त्राचा. एम.ए.चा त्याचा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावरचा. म्हणजे जातीवरचा हा निबंध त्याच्या पदवीच्या कामाचा भागसुद्धा नव्हता, दुसऱ्या विभागाच्या वर्गात बसून केलेलं ते काम होतं. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

या निबंधात काय आहे, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. जात म्हणजे काय, यावर तोवर सेनार, नेसफिल्ड, रिस्ले अशा बड्या मंडळींनी लिहून ठेवलं होतं. एका मराठी माणसानेही लिहिलं होतं: श्रीधर व्यंकटेश केतकर. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ काढला. पुढे याच केतकरांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला. आंबेडकर या सगळ्यांना एकेक करून समोर घेतात. केतकरांचा मान राखतात, आणि तरी सांगतात की जन्माने सभासदत्व आणि बाहेर लग्नबंदी ही तुम्ही सांगितलेली दोन लक्षणं दोन नव्हेतच, एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत. मग स्वतःचं म्हणणं मांडतात. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचं तर गटातल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई जास्त होते, बायको मेली की एक पुरुष. या 'जास्तीच्या' माणसांचं करायचं काय? बाईला चितेवर चढवा किंवा जन्माचं वैधव्य द्या. पुरुषाला लहान मुलगी करून द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तीन चालींना शास्त्री धर्म म्हणत होते, सुधारक क्रौर्य म्हणत होते. या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे हिशेब म्हणून पाहिलं. एका बंद गटाने आपलं दार बंद ठेवण्यासाठी मांडलेला हिशेब.

आज हे वाचताना सोपं वाटतं. पण ज्या गोष्टीला सगळे पूर्वापार म्हणतात, तिला 'केव्हापासून आणि कशाच्या जोरावर' असं विचारण्याची ही रीत आहे. माणसांच्या अभ्यासाला एवढंच काम आहे असं नव्हे, पण हे काम दुसरं कुठलंही शास्त्र करत नाही. रोज भेटणाऱ्या माणसांचं काय शिकायचं, तर ती जे कायमचं समजून चालतात ते किती जुनं आहे आणि कोण ते चालवतं, हे शिकायचं.

इथे चाणाक्ष वाचक एक अडचण काढील. त्याच निबंधात आंबेडकर म्हणतात की जात मनूने निर्माण केलेली नाही. एकटा कायदेकार एवढ्या मोठ्या समाजावर असली व्यवस्था लादू शकत नाही. ती आधीपासून होती, मनूने तिला नियमांचा आधार दिला, आणि मग ती वरून खाली अनुकरणाने पसरत गेली. ज्याने १९१६ साली मनूला जातीच्या जनकत्वातून मोकळं केलं, त्याच्याच परिषदेत अकरा वर्षांनी महाडमध्ये मनूचं पुस्तक जळतं. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडलेला. मग संशोधन गेलं कुठे?

माझ्या मते ते तिथेच होतं. मनूने जात निर्माण केली असं जो मानतो, त्याच्या दृष्टीने पोथी जाळली की जात जळाली. आंबेडकरांचा असा भ्रम नव्हता, कारण त्यांनी अभ्यास केला होता. पोथी हे उगमस्थान नव्हे, शिक्कामोर्तब आहे, हे त्यांना ठाऊक होतं. शिक्का जाळल्याने व्यवहार थांबत नाही, पण तो बेकायदा आहे हे चारचौघांत जाहीर होतं. अभ्यास नसता तर त्या होळीकडून भलतीच अपेक्षा ठेवली गेली असती आणि जानेवारीत निराशा पदरी आली असती. प्रबंधातल्या एका बारीक फरकाचा चळवळीत असा उपयोग होतो. तो दिव्यासारखा दिसत नाही, एवढंच.

या विचाराची तिसरी फेरी कोर्टात झाली. चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, सार्वजनिक पाणवठे खुले करण्याच्या, मुंबई कायदेमंडळातल्या १९२३च्या बोले ठरावाच्या पाठोपाठ. तो कागदावरच राहिला होता. मार्च १९२७ नंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये गावातल्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं, बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे. नऊ वर्षांहून जास्त हे प्रकरण चाललं. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सगळा खटला 'केव्हापासून' या एका प्रश्नावर उभा होता आणि 'पूर्वापार' म्हणणाऱ्यांना पुरावा देता आला नाही. कोलंबियातल्या वर्गात विचारलेला प्रश्न आणि मुंबईच्या कोर्टात विचारलेला प्रश्न एकाच जातकुळीचे होते. (जातकुळी हा शब्द इथे मुद्दाम ठेवतो.)

आता आजच्याकडे येऊ. महाडहून रायगडाला जाताना नातेखिंडीतून वळलं की पुढे नाते लागतं. गडावर निघालेल्या गाड्या तिथे थांबत नाहीत. या गावात १४ जानेवारी १८९६ला चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री ही त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. त्यानंतर १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे फारसं आठवत नाही कुणाला. देशातल्या विद्यापीठीय संशोधनाचे नियम आणि पैसे ज्या दारातून येतात, त्या दाराशी सुरुवातीच्या काळात नात्यात जन्मलेला माणूस बसला होता. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढे देशाचं चलन सांभाळलं. आजच्या नियमावलीत त्यांना विषय बदलण्यासाठी किती सह्या लागल्या असत्या, कोण जाणे.

याच नात्यात आज एखादा संशोधक विद्यार्थी येतो तेव्हा काय होतं? हातात झेरॉक्स केलेली प्रश्नावली असते. विषयाचं नाव ठराविक साच्यातलं: अमुक प्रश्नाचा समाजशास्त्रीय अभ्यास, विशेष संदर्भ महाड तालुका. ओटीवर बसून तो विचारतो, आपण पुराने बाधित झालात काय, होय की नाही. शासकीय मदतीबाबत आपण समाधानी आहात काय: पूर्णतः, अंशतः, नाही. म्हातारी सांगायला लागते की पाणी कुठपर्यंत आलं, आधी कुठपर्यंत यायचं, मधला बांध कुणी घातला, तेव्हा कोण सरपंच होता. त्याला रकाना नसतो. तो मान डोलावतो आणि 'अंशतः' वर खूण करतो. महिन्याभरात शंभर फॉर्म भरतात, टक्केवारी निघते, पाच प्रकरणं होतात: प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. शिफारशींत 'शासनाने अधिक लक्ष द्यावे' असतं. या सगळ्यात दावा कुठेच नसतो. केतकर चुकले किंवा अमुक म्हणतात ते खोटं आहे, असं एकही वाक्य नसतं, कारण तसं वाक्य लिहिलं तर तोंडी परीक्षेत कुणीतरी दुखावेल.

म्हणून दिवे लावण्याच्या त्या सवालाला मी सरसकट उडवून लावत नाही. पुष्कळ प्रबंध टाकाऊ आहेत. बढतीच्या गुणांसाठी लिहिलेले आहेत, एकाचे दहा झालेले आहेत. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, या जुन्या अटीने पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पोसली; २०२२च्या नियमांत ती अट गेली, पण सवय गेली नाही. हे सगळं कबूल. मात्र इलाज म्हणून मुलांची संख्या कमी करा, असं म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की उरलेल्यांना दावा करायला कोण शिकवणार.

आंबेडकर असामान्य होते, त्यांचं माप सगळ्यांना कशाला, असा प्रतिवाद होतो. तो मला अर्धाच पटतो. बुद्धी असामान्य होती, पण भोवतीची सोय अगदी सामान्य होती आणि ती पुन्हा करता येते. सोय कोणती? दुसऱ्या विभागाच्या वर्गात बसायची मुभा. निबंध वाचून दाखवायला एक चर्चासत्र आणि ऐकून वाद घालणारी माणसं. मोठं ग्रंथालय. असहमतीला न घाबरणारा मार्गदर्शक. लंडनला १९२३ साली डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला. तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात विद्यार्थ्याशी आपले मतभेद आहेत हे सांगून टाकलं. आपल्याकडे प्रस्तावनेत मतभेद लिहिणारा गाइड कुणी पाहिला असेल तर त्याचा सत्कार करावा. इथे ऋणनिर्देशाच्या पानावर गाइडच्या पत्नीच्या चहाचेही आभार मानावे लागतात.

आणि पैसा. बडोद्याच्या सयाजीरावांनी आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून १९१७ साली त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर १९२० साली ते पुन्हा गेले. फेलोशिप थांबली की संशोधन तीन वर्षं मागे पडतं, याचा हा घरचा दाखला. आज केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३पासून महिना ३७ हजार आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या समाजगटवार संस्थांच्या फेलोशिप जाहीर होतात, पण यादी कधी लागणार, रक्कम कोणत्या तारखेपासून मिळणार, यासाठी मुलांना आझाद मैदानात बसावं लागतं. उपोषणाच्या मंडपात प्रकरण तिसरं लिहिता येत नाही.

इथे मला एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे. फेलोशिप जातीच्या संस्थेकडून येते हे योग्यच. सामाजिक न्यायाचा तो मार्ग आहे. पण पाठोपाठ विषयही जातीचाच गळ्यात पडतो. कातकरी मुलीने कातकऱ्यांच्या वीटभट्टीच्या स्थलांतरावर लिहायचं, बौद्ध मुलाने आंबेडकरी चळवळीवर, कुणब्याच्या मुलाने शेतीवर. गाइड सांगतो, 'तुला तिथे माहिती लवकर मिळेल.' सोय म्हणून ठीक आहे. याला जुनी परंपराही आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्ये आपल्या विद्यार्थ्यांना जवळचे विषय देत; इरावती कर्व्यांनी एम.ए.ला चित्पावनांवर लिहिलं, श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या विवाह आणि कुटुंबावर. पण इरावतीबाई तिथे थांबल्या नाहीत. बर्लिनला जाऊन त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त मिरवणाऱ्या आपल्याच गुरूच्या, ऑयगेन फिशरच्या, गृहीताविरुद्ध निष्कर्ष मांडला. आंबेडकरांच्या तर पदवीच्या प्रबंधांत जात नाहीच. व्यापार, प्रांतिक वित्त आणि चलन आहे. अस्पृश्य मुलाने अस्पृश्यतेवरच लिहावं, ही अट त्यांना कुणी घातली असती तर रुपयावरचा तो ग्रंथ झाला नसता. मग कातकरी मुलीने महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदारीवर का लिहू नये? बौद्ध मुलाने महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या सावकारी वह्या का उघडू नयेत? आपल्यावर लिहिणं हा हक्क आहे, पण दुसऱ्याकडे रोखून पाहणं हाही हक्क आहे, आणि तो मुलांना अजून मिळालेला नाही.

विषय संपले, असं कुणी म्हणू नये. पोलादपूर-महाडमध्ये ते पायाखाली आहेत. पोलादपुरात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर जातो. हेही आपण पूर्वापार म्हणून सोडून देतो. केव्हापासून? वाडीचा झरा, विहीर कोण उपसत होतं, कोणाच्या हुकमाने, आणि १९४९च्या कायद्याने खोती गेल्यावर ते काम कोणाकडे आलं? की कोणाकडेच आलं नाही? वरकस जमिनीवरची नाचणी-वरी सुटली आणि पुरुष मुंबईला गेले, तेव्हा डोंगरउताराची निगा कोणी सोडली? २२ जुलै २०२१च्या दरडीनंतर सगळी वर्तमानपत्रं महाड तालुक्यातल्या तळियेकडे धावली. दरडीखाली ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. २००५ साली दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. भूगर्भशास्त्रज्ञ येऊन माती आणि उतार सांगून गेले, ते आवश्यकच होतं. पण वाडी त्या उताराखाली कधी वसली, वरच्या सपाटीवर जमीन कोणाची होती, घरं वाढली तेव्हा कुणाला खालची जागा मिळाली, हे माती सांगत नाही. ते फेरफाराच्या नोंदी, जुने सातबारे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी सांगतात. त्यासाठी इतिहासाची किंवा समाजशास्त्राची एक मुलगी दोन पावसाळे तिथे राहायला हवी. होय-नाहीच्या फॉर्मवर ते येणार नाही. किंवा असं पाहा: या तालुक्यांतल्या कितीतरी गावांचे निर्णय गावात होतच नाहीत, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत होतात. पालखी कधी, शाळेचं छप्पर कोणी, सरपंचपदाला कोण. ग्रामपंचायतीच्या कायद्यात हे मंडळ कुठेच नाही. त्याच्यावर नीट लिहिलं तर स्थानिक स्वराज्यावरची निम्मी पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील.

आणि एक. नगरपालिका, ग्रामपंचायती, शाळा, बँका सगळ्या या संशोधकांना माहिती देतात, माणसं आपला दिवस मोडतात, पण तयार झालेला प्रबंध गावाला कधी दिसत नाही. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो आणि गांधीनगरहून चालणाऱ्या 'शोधगंगा'वर चढतो. तिथे तो खुला आहे हे खरं, पण ते नात्याच्या ओटीवरच्या म्हातारीला उपयोगाचं नाही. केतकरांनी अमेरिकेत इंग्रजीतून लिहिलं, मग घरी येऊन मराठीत ज्ञानकोश काढला. आंबेडकरांनी इंग्रजीत प्रबंध लिहिले आणि १९२७च्या एप्रिलमध्ये महाडचा वृत्तान्त द्यायला मराठीत 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. प्रबंधाची भाषा कोणतीही असो, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता येईल असं काहीतरी मराठीत निघायला हवं, हा त्या पिढीचा शिरस्ता होता. मी तरी याला संशोधनाचाच भाग समजतो. उलटतपासणीची ती एकमेव जागा आहे. वीस पानं मराठीत गावात वाचली गेली की चूक कुठे आहे, हे तिथला माणूस लगेच सांगतो.

तेव्हा महाड आणि पोलादपूरच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या दारात प्रश्नावली घेऊन मुलगा किंवा मुलगी आली तर तिला चहा द्या, माहिती द्या, आणि तुझं म्हणणं काय आहे, ते तिला विचारा. अजून काही म्हणणं नसेल तर पुन्हा ये म्हणा. म्हणणं असेल तर जुन्या पेट्या उघडा, म्हाताऱ्यांकडे पाठवा, मुंबईच्या मंडळाचा नंबर द्या. आणि जाताना एवढं कबूल करून घ्या की काम पुरं झाल्यावर मराठीतली वीस पानं गावच्या वाचनालयात येतील.